मुलगी रश करायचं म्हणतेय, मुलगा प्लेज व्हायचं म्हणतोय: चार पर्याय शेजारी ठेवून बघूया

सप्टेंबर आला की आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी कुणाचा तरी मेसेज येतोच, मुलगी सोरॉरिटीत (कॉलेजातल्या मुलींच्या संस्थेत) जायचं म्हणतेय, काय करू? मग खाली वीस उत्तरं. अर्धे म्हणतात अजिबात नको, नुसती दारू आणि पार्ट्या, अर्धे म्हणतात जाऊ दे गं, ओळखी होतात, पुढे नोकरीला उपयोग होतो, आणि विचारणारी बिचारी जिथे होती तिथेच. माझी मुलगी चार वर्षं एका मोठ्या सोरॉरिटीत होती, आणि मुलगा एका फ्रॅटर्निटीच्या (मुलांच्या तशाच संस्थेच्या) दारापर्यंत जाऊन मागे फिरला आणि आता सर्व्हिस फ्रॅटर्निटीत रमलाय, त्यामुळे दोन्ही बाजू घरातच बघितल्यात. म्हणून एकदा नीट लिहून काढते. रश म्हणजे ह्या संस्थांची भरती, आणि प्लेज म्हणजे पूर्ण मेंबर व्हायच्या आधीचा उमेदवार.

आपण पुण्यात, सांगलीत, नागपुरात शिकलो, आपल्याकडे असलं काही नव्हतंच, त्यामुळे 'ग्रीक लाइफ' (ह्या संस्थांची नावं ग्रीक अक्षरांची, म्हणून) म्हटलं की आपल्याला सगळं एकच वाटतं. तसं नाहीये. मूळ प्रकार जुना आहे, १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजमध्ये कप्पा अल्फा सोसायटी निघाली तिथपासून आजच्या सोशल फ्रॅटर्निटींची सुरुवात धरतात. पण आज तुमचं मूल "मी जॉइन होतोय" म्हणतं तेव्हा चारातलं नक्की काय म्हणतंय हे आधी विचारा.

एक, मोठ्या सोशल संस्था. मुलींच्या २६ राष्ट्रीय सोरॉरिटी नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सखाली येतात, ही कॉन्फरन्स १९०२ पासूनची, आणि मुलांच्या बहुतेक फ्रॅटर्निटी कॅम्पसवर आयएफसी म्हणजे इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिलखाली. मोठी घरं, दोनशे-तीनशे मेंबर्स, सिनेमात बघतो ते हेच. दोन, साउथ एशियन किंवा मल्टिकल्चरल. ह्यांतल्या साउथ एशियन बहुतेक नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे इथे आलेल्या भारतीयांची मुलं कॉलेजला पोचली तेव्हाच्या: बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये आयोटा नू डेल्टा, ऑस्टिनला १९९८ मध्ये डेल्टा एप्सिलॉन साय, त्याच वर्षी ह्यूस्टनला मुलींची डेल्टा फाय ओमेगा, यूसीएलएला १९९९ मध्ये बीटा काय थीटा. तीन, सर्व्हिस आणि प्रोफेशनल. सेवाकार्याची अल्फा फाय ओमेगा १९२५ ची, स्काउटच्या तत्त्वांवर उभी राहिलेली, बिझनेसवाल्यांची डेल्टा सिग्मा पाय, इंजिनियर्सची थीटा टाऊ. ह्यांत मुलं-मुली एकत्र असतात. आणि चार, कुठेच न जाता इंडियन स्टुडंट असोसिएशन, गरबा-रास नाहीतर भांगडा टीम, एखादा क्लब. हा चौथा पर्याय लोक मोजतच नाहीत, पण तोही पर्यायच आहे.

निवड कशी होते, ह्यात सगळ्यात जास्त फरक आहे आणि पोरं सगळ्यात जास्त दुखावतात तीही इथेच. मोठ्या सोरॉरिटींत फॉर्मल रिक्रूटमेंट असते, आठवडाभर रोज सोरॉरिटींच्या घराघरांत जायचं, उभ्याउभ्या गप्पा मारायच्या, संध्याकाळी ॲपवर पसंतीक्रम भरायचा, आणि सकाळी कळतं की आज कोणत्या घरांनी परत बोलावलंय. माझी मुलगी तिसऱ्या दिवशी रडत फोनवर, तिला सगळ्यात आवडलेल्या घराने बोलावलंच नव्हतं. मी तेव्हा चूक केली, म्हटलं सोडून दे ना मग. तिला सोडायचं नव्हतं, तिला फक्त कुणीतरी ऐकायला हवं होतं. ह्या आठवड्यात आईबापांनी सल्ला कमी द्यावा आणि फोन उचलावा, एवढंच मी सांगेन.

आणि एक नियम ज्याबद्दल आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं: शेवटच्या फेरीनंतर मुली एक बंधनकारक करार सही करतात. त्यात त्यांनी यादीत लिहिलेल्या घराकडून बिड (आत यायचं आमंत्रण) आली आणि ती नाकारली, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत त्या कॅम्पसवर ह्या २६ पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरॉरिटीत जाता येत नाही. आणि एकदा इनिशिएशन (रीतसर मेंबर करून घेण्याचा विधी) झालं की आयुष्यभर ह्या २६ मधली दुसरी सोरॉरिटी नाही. म्हणून मनात नसलेलं घर नुसतं यादी भरायची म्हणून लिहू नये, हे मुलीला त्या आठवड्याच्या आधी सांगून ठेवा, त्या रात्री तिचं डोकं थाऱ्यावर नसतं. जिला ही सगळी धामधूम झेपणारी नाही तिने सीओबी म्हणजे नंतरची अनौपचारिक भरती बघावी, जिथे जागा शिल्लक असतात तिथे निवांत गप्पांमधून आत जाता येतं.

मुलांच्या फ्रॅटर्निटीत हे बरंच सैल, पिझ्झा, बास्केटबॉल, मग एका संध्याकाळी बिड. साउथ एशियन संस्थांमध्ये तर एका वेळी पाच-दहा-पंधरा जणच घेतात, त्याला लाइन म्हणतात, आणि नवीन मेंबर कोण ते बऱ्याचदा पूर्ण झाल्यावरच कळतं. सगळं संपलं की 'क्रॉस' झाला म्हणतात, मग सगळ्यांसमोर कार्यक्रम होतो. पाच जणांच्या लाइनमध्ये मैत्री फार घट्ट होते, ती दोनशेंत होत नाही, पण पाच जणांत लपायलाही जागा नसते, हे लक्षात ठेवा. सर्व्हिसवाल्यांकडे बहुतेक ठिकाणी येईल त्याला घेतात, तास भरा, मीटिंगला या, झालं. प्रोफेशनलला इंटरव्ह्यू असतो, रेझ्युमे लागतो, आणि बिझनेस स्कूलमध्ये तो बऱ्यापैकी कडक असतो.

पैशाचं पटकन सांगते. सर्व्हिस सगळ्यात स्वस्त. साउथ एशियन आणि प्रोफेशनल मधल्या पट्ट्यात, सेमिस्टरला काहीशे डॉलर धरून चाला. मोठ्या सोशल सगळ्यात महाग, दक्षिणेकडच्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत सोरॉरिटीच्या घरात राहायचं तर सेमिस्टरला काही हजार डॉलर जातात, अर्थात त्यात राहणं-जेवण येतं, तेव्हा डॉर्म आणि मील प्लॅनशी तुलना करा. पहिलं सेमिस्टर नेहमीच जड, कारण इनिशिएशन फी, बॅज, राष्ट्रीय फी सगळं एकदम. आणि वेबसाइटवर न दिसणारा खर्च वेगळा, टीशर्ट, फॉर्मलचे (नटूनथटून जायच्या पार्टीचे) कपडे, लिटलसाठी (आपल्याला जोडून दिलेल्या नव्या मेंबरसाठी) गिफ्ट बास्केट, गैरहजेरीचा दंड. आम्ही मुलीला सांगितलं होतं की ड्यूज (मेंबरशिपची फी) आम्ही भरू, बाकीचं तुझ्या कॅम्पस जॉबमधून, आणि त्यामुळे तिनेच कुठे हात आखडायचा ते ठरवलं. डान्स टीम फुकट असते असं समजू नका, स्पर्धांना विमानाने जातात ही मुलं, आणि प्रॅक्टिस रात्री उशिरापर्यंत, वेळेच्या हिशोबात ती फ्रॅटर्निटीला भारी पडते.

आता हेझिंग, म्हणजे आत घेण्याआधी नवीन मुलांचा होणारा छळ. ह्यावर जरा जास्त बोलते, कारण आपल्यातले बरेच जण म्हणतात, अरे आपणही होस्टेलला रॅगिंग झेललं, काही झालं नाही. माझा नवराही हेच म्हणाला होता. पण दोन्हींत एक फरक आहे, आणि मला तो फार उशिरा कळला. रॅगिंग होस्टेलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचं व्हायचं, कुणी मागितलेलं नसायचं, त्यामुळे मुलं घरी सांगायची, तक्रार करायची, महाराष्ट्रात १९९९ साली त्यावर कायदा आला. हेझिंग होतं ते ज्याला आत यायचंय त्याचं. तो स्वतः दारात उभा आहे, आठ आठवडे काढलेत, मित्र झालेत, आता एकच रात्र राहिली, म्हणून तो स्वतःच गप्प बसतो आणि आईने विचारलं तर "सगळं मस्त" म्हणतो. त्याला सहन करायची सक्ती कुणी करतंय असं त्याला वाटतच नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत पेन स्टेटला १९ वर्षांचा एक मुलगा बिड मिळाल्याच्याच रात्री दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला, आणि जवळजवळ बारा तास कुणी मदतीसाठी ९११ ला फोन केला नाही, तो गेला. ते घर कागदोपत्री दारूमुक्त होतं. त्यानंतर पेनसिल्व्हेनियाने त्याच्या नावाने कडक कायदा केला. मुलांच्या फ्रॅटर्निटींच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०१९ पासून घरांमध्ये हार्ड लिकर बंद केली, म्हणजे १५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली. बहुतेक सोरॉरिटींच्या घरांत तर दारूला बंदीच असते, मुली पार्टीला जातात त्या फ्रॅटर्निटीच्या घरी, म्हणून "सोरॉरिटी सेफ" म्हणून निवांत बसू नका, ती शनिवारी कुठे जाते तो प्रश्न उरतोच.

आणि आपल्या लोकांमध्ये एक समज पक्का आहे की देसी फ्रॅटर्निटी म्हणजे आपलीच मुलं, दिवाळी करतात, घरचं वातावरण. बऱ्याच ठिकाणी ते खरं आहे. पण २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा पहिल्या वर्षाचा मुलगा पोकोनोजच्या डोंगरात नेऊन डोळे बांधून, पाठीवर वजनाची बॅग देऊन धक्के मारण्याच्या विधीत मेला, ती एशियन-अमेरिकन कल्चरल फ्रॅटर्निटीच होती. कोर्टाने त्या राष्ट्रीय संस्थेलाच दोषी धरलं. तेव्हा नावातली अक्षरं किंवा कातडीचा रंग बघून ठरवू नका. सर्व्हिस ग्रुप, डान्स टीम, बँड, कुठेही हे होऊ शकतं, सगळीकडे तोच प्रश्न विचारायचा.

तपासायचं कसं, तर आता एक चांगली सोय झालीये. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्टवर सही झाली, त्यानुसार कॉलेजांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावं, काय झालं, कधी झालं, काय कारवाई झाली हे वेबसाइटवर टाकावं लागतं आणि वर्षातून किमान दोनदा अपडेट करावं लागतं. कॉलेजच्या नावापुढे 'हेझिंग ट्रान्सपरन्सी रिपोर्ट' टाकून शोधा, दहा मिनिटांचं काम. माझ्या मुलाला ज्या फ्रॅटर्निटीने बिड दिली होती तिचं नाव कॉलेजच्या जुन्या यादीत सापडलं, दोन वर्षांपूर्वीचं. मी ओरडले नाही. लिंक त्याला पाठवली आणि लिहिलं, "वाच, आणि त्यांनाच विचार की तेव्हा काय झालं होतं." त्याने विचारलं. प्रेसिडेंट म्हणाला, "ब्रो, दॅट्स ओल्ड स्टफ." दुसऱ्या एका सीनियरने मात्र सगळं नीट सांगितलं, आणि मुलाचं म्हणणं, त्या दोघांच्या बोलण्यातला फरक बघूनच त्याने नाही म्हणायचं ठरवलं. मी नको म्हटलं असतं तर तो हट्टाने गेला असता, हे मला माझ्या मुलाचं माहीत आहे.

हे प्रश्न मुलानेच विचारायचे, आपण कॉलेजला फोन करून नाही, तिथे प्रायव्हसीच्या कायद्यामुळे ते आपल्याला फारसं सांगतही नाहीत. नवीन मेंबरचा कार्यक्रम किती आठवड्यांचा? त्याचं वेळापत्रक लिहून मिळेल का? मागच्या सेमिस्टरला कितीजण मधेच सोडून गेले आणि ते आता तुमच्याशी बोलतात का? परीक्षेच्या आठवड्यात काय असतं? जी मंडळी ह्याचं सरळ उत्तर देतात ती बरी. "ते सीक्रेट आहे" हे उत्तर शेवटच्या विधीपुरतं ठीक, वेळापत्रकाला नाही.

एच-फोरवर (नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) वाढलेल्या किंवा एफ-वन वर (विद्यार्थी व्हिसावर) आलेल्या मुलांच्या आईबापांसाठी वेगळं सांगते, कारण इथे जन्मलेल्या मुलांचे मित्र हे त्यांना सांगणार नाहीत. इथे दारूचं वय २१, फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा मुलगा अठराचा. फेक आयडी सापडला, दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, तर सिटिझन मुलाला कोर्टाची तारीख आणि दंड, पण व्हिसावरच्या मुलाचा व्हिसा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही रद्द होऊ शकतो, गुन्हा शाबित व्हायची वाट बघत नाहीत. अशा मुलाला माझ्या मते सर्व्हिस किंवा प्रोफेशनल आधी बघायला सांगा, आणि सोशलमध्ये जायचंच असेल तर हा विषय एकदा समोर बसून, स्पष्ट शब्दांत बोला.

मग कुणाला काय? माझं मत सांगते. मोठ्या अनोळखी कॅम्पसवर गेलेली, माणसांत मिसळणारी, नकार पचवू शकणारी मुलगी असेल आणि पैसे झेपत असतील तर मोठी सोरॉरिटी वाईट नाही, माझ्या मुलीला पहिल्या सेमिस्टरच्या एकटेपणातून तिच्या बिगनेच, म्हणजे तिला जोडून दिलेल्या सीनियर मेंबरनेच, बाहेर काढलं, आजही ती आमच्या गणपतीला येते आणि मोदक वळायला बसते. आपण ना इथले ना तिथले असं ज्याला वाटत राहतं त्याला साउथ एशियन लाइनमध्ये जे मिळतं ते आपण आईबापही देऊ शकत नाही. ज्याला अभ्यास, नोकरी आणि घरी पैसे पाठवणं सांभाळायचंय त्याला सर्व्हिस. आणि ज्याला अजून कळतच नाहीये त्याने पहिलं सेमिस्टर काहीच करू नये, बऱ्याच ठिकाणी स्प्रिंगमध्ये पुन्हा रश होतो, काही कॉलेजं तर पहिल्या सेमिस्टरला फ्रेशमनना घेऊच देत नाहीत.

जायचं ठरलं तर आमच्याकडे एक पद्धत होती ती करून बघा. मुलीने मला "आजीला फोन केलास का?" असा मेसेज केला की मी दोन मिनिटांत तिला फोन करायचा आणि म्हणायचं, आजीची तब्येत बिघडलीये, आत्ता रूमवर जाऊन मला व्हिडिओ कॉल कर. मग तिथून निघायला तिला कारण मिळायचं, कुणासमोर नाही म्हणावं लागायचं नाही, आणि मी दुसऱ्या दिवसापर्यंत काही विचारायचं नाही असं ठरलेलं. चार वर्षांत तो मेसेज एकदाच आला, ऑक्टोबरमध्ये, रात्री सव्वाबाराला. मी फोन केला, ती निघाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना तिने आपणहून सगळं सांगितलं.