४९९ रुपयांची ‘प्रीमियम’ थीम आणि कूलरच्या हंगामात पळवलेलं कमिशन

मार्च लागला की सोलापुरात कूलरची चौकशी सुरू होते, ती मेअखेरपर्यंत थांबत नाही. जुळे सोलापुरातल्या एका तरुणाने नेमक्या याच हंगामासाठी मराठी अफिलिएट ब्लॉग उभा केला होता, म्हणजे लेखातल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की लेखकाला कमिशन मिळतं असा ब्लॉग. डेझर्ट कूलरची टाकी किती लिटरची असावी, बोअरच्या क्षाराच्या पाण्यात पॅड किती टिकतात, शेंगाचटणीला कोणता मिक्सर चालतो, असे कामाचे लेख होते. गुगलवरून वाचक येत होते, लिंकवर क्लिकही होत होते. कमिशन मात्र भलत्याच माणसाच्या खात्यात जमा होत होतं, आणि त्याचं मूळ होतं ४९९ रुपयांत घेतलेली वर्डप्रेस थीम, म्हणजे वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चढवायचा तयार साज. त्याच्या संमतीने, नाव न देता, हा प्रकार इथे मांडतो आहोत. अशाच झिप फाइली आजही तशाच भावात फिरत आहेत.

सौदा मेसेजिंग ॲपवरच्या एका ग्रुपमध्ये झाला. ‘अफिलिएटसाठी खास थीम, लाईफटाईम लायसन्स, कितीही साईटवर वापरा, तुलनेचे तक्ते आणि किमतीची बटणं तयार.’ यूपीआयने पैसे गेले आणि ड्राइव्हच्या लिंकवरून झिप आली. लायसन्स की मागितल्यावर उत्तर आलं, ‘की लागत नाही, ॲक्टिव्हेट करूनच दिली आहे.’ खरेदी तिथेच थांबायला हवी होती. पैसे देऊन घेतलेल्या थीमला की किंवा खरेदी कोड असतो. अपडेट त्याच्यावरच मिळतात. ‘ॲक्टिव्हेट करून दिली’ याचा अर्थ कुणीतरी कोड उघडून लायसन्सची तपासणी काढून टाकली आहे. अशा थीमला बाजारात ‘नल्ड’ म्हणतात. ज्याने एवढा कोड बदलला, त्याने आणखी काय घातलं हे विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

विक्रेत्याकडे याला एक ठरलेलं उत्तर असतं: ‘वर्डप्रेस जीपीएल आहे, त्यामुळे हे कायदेशीर आहे.’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे आणि त्यावर चालणाऱ्या थीमचा पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती) कोडही साधारणपणे त्याच परवान्यात येतो. तो दुसऱ्याला देता येतो, विकताही येतो. पण मूळ कंपनीचे अपडेट, सपोर्ट आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यासोबत येत नाहीत. आणि हातात आलेली फाइल मूळ फाइलच आहे, याची हमी जीपीएल देत नाही.

आता चोरी कशी झाली ते पाहू. भारतातल्या ॲमेझॉन अफिलिएट लिंकच्या शेवटी आपला टॅग असतो, त्याच्या अखेरीला उणे चिन्ह आणि २१ हा आकडा येतो. कमिशन कुणाला द्यायचं हे त्या टॅगवरून ठरतं. या थीममधली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) पान उघडल्यावर तो टॅग बदलून स्वतःचा घालत होती. पण सगळ्यांसाठी नाही. लॉगिन केलेल्या माणसाला मूळ लिंक दिसायची, संगणकावरही मूळच दिसायची. मोबाईलवर, गुगलवरून आलेल्या वाचकालाच बदललेली लिंक जायची. मालक नेहमी लॉगिन असतो, त्यामुळे त्याने कितीदा तपासलं तरी सगळं ठीकच दिसणार.

यात आणखी एक नुकसान दडलेलं होतं. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात नव्या खात्याला १८० दिवसांत किमान ३ पात्र विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. विक्री होत होती, नोंद दुसऱ्याच्या टॅगवर पडत होती. मुदत संपली, खातं बंद झालं, आणि हा तरुण आपले लेखच कमी पडले असं समजून बसला.

अशी चोरी पकडायची असेल तर गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ या वाचक मोजणाऱ्या गुगलच्या सेवेत ‘एन्हान्स्ड मेझरमेंट’ चालू ठेवा. साइटवरून बाहेर जाणाऱ्या लिंकवरचे क्लिक त्यात आपोआप मोजले जातात. तो आकडा अफिलिएट खात्यातल्या क्लिकशेजारी ठेवा. दोन्ही कधीच तंतोतंत जुळत नाहीत, थोडाफार फरक राहतोच. पण एकीकडे रोज क्लिक आणि दुसरीकडे जवळजवळ शून्य असेल तर टॅग तपासायलाच हवा. तपासताना वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर इन्कॉग्निटो खिडकी उघडा, गुगलमध्ये आपल्या लेखाचं शीर्षक शोधा आणि तिथून साइटवर जा. ॲमेझॉनचं ॲप फोनमध्ये असेल तर लिंक थेट ॲपमध्ये उघडते आणि टॅग दिसत नाही, म्हणून ॲप नसलेला फोन घ्या. टॅग नुसता लिंकवर बोट दाबून वाचू नका, पान उघडल्यावर ॲड्रेस बारमध्ये वाचा. काही स्क्रिप्ट ऐन क्लिकच्या क्षणी लिंक बदलतात.

थीम काढून टाकली की प्रश्न मिटला असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. नल्ड थीममधून पसरणारा सर्वांत कुप्रसिद्ध मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, डब्ल्यूपी-व्हीसीडी. २०१९ मध्ये वर्डफेन्स या वर्डप्रेस सुरक्षा सेवेने त्यावर सविस्तर अहवाल दिला होता. थीम चालू होताच तो वर्डप्रेसच्या ‘इन्क्लुड्स’ फोल्डरमध्ये स्वतःच्या फाइली टाकतो, इतर थीमच्या ‘फंक्शन्स’ फाइलीत शिरतो आणि त्याच होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) खात्यातल्या शेजारच्या साइटही पकडतो. त्याच्या एका जुन्या प्रकारात १०००१००१० नावाचा ॲडमिन तयार होत असे. म्हणून साफसफाई क्रमानेच करावी लागते. आधी सगळ्या फाइली आणि डेटाबेसची प्रत पुराव्यासाठी बाजूला काढा. होस्टिंग, एफटीपी (फाइली चढवायची सोय), डेटाबेस आणि ॲडमिनचे पासवर्ड बदला. ‘कॉन्फिग’ फाइलीतल्या सॉल्ट की (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त अक्षरमाळा) बदला, त्यामुळे लॉगिन असलेले सगळे लॉगआउट होतात. वर्डप्रेसची ‘ॲडमिन’ आणि ‘इन्क्लुड्स’ ही दोन्ही फोल्डरं पूर्ण पुसून ताजी टाका, प्लगइन (जोड सॉफ्टवेअर) अधिकृत जागेवरून पुन्हा घ्या. ‘अपलोड्स’मध्ये फोटो असतात, तिथे पीएचपी फाइल सापडली तर ती जवळपास नक्कीच घुसखोर. वापरकर्त्यांची यादी डॅशबोर्डवर न पाहता पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस पाहण्याच्या साधनातून थेट टेबलमध्ये पाहा, कारण डॅशबोर्डवरून नाव लपवता येतं. फाइलीच्या तारखेवर विसंबू नका, तीही बदलता येते. हे सगळं झाल्यावर पासवर्ड पुन्हा एकदा बदला, कारण पहिल्या बदलाच्या वेळी चोर आत असू शकतो. एका खात्यात चार साइट असतील तर चारही एकदम साफ करा. एक राहिली तर काही दिवसांत बाकीच्या पुन्हा बिघडतात. शेवटी गुगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात आपल्याशिवाय दुसरा कुणी मालक म्हणून नोंदला आहे का ते पाहा. ही पायरी लोक हटकून विसरतात.

मग थीम घ्यायची कुठली? अफिलिएट ब्लॉगला ‘अफिलिएट थीम’ लागते हाच मुळात विक्रेत्यांनी पसरवलेला समज आहे. जनरेटप्रेस, ॲस्ट्रा, कॅडेन्स यांच्या मोफत आवृत्त्या वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमधूनच मिळतात आणि नव्या ब्लॉगला त्या पुरतात. तुलनेचा तक्ता आणि ‘किंमत पाहा’ बटण थीमच्या शॉर्टकोडमध्ये (चौकटी कंसात लिहायची आज्ञा) करू नका. थीम बदलली की शॉर्टकोड उघडे पडतात आणि लेखांत चौकटी कंसांचा पसारा उरतो. वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉकमध्ये (लेख रचायचे तयार तुकडे) तेच काम होतं.

मराठी ब्लॉगसाठी डेमो पाहून निर्णय घेऊच नका. डेमोतला मजकूर इंग्रजी असतो. आपलं एक शीर्षक टाकून पाहा: रफार, वेलांटी आणि उकार ओळींमध्ये कापले जातात का? ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट असेल तर बऱ्याचदा कापले जातात, १.५ च्या आसपास ठेवावं लागतं. काही थीम शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवतात. त्याने देवनागरीची शिरोरेषा तुटते, ती सेटिंग शून्यावर आणा. फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर फोन स्वतःचा कुठलातरी फॉन्ट लावतो, म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. नंतर पेजस्पीड इन्साइट्स या गुगलच्या वेग तपासणाऱ्या साधनात मोबाईलचा निकाल पाहा: एलसीपी (मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (बोट लावल्यावर प्रतिसादाला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत, सीएलएस (पान उघडताना मजकूर किती हलतो) ०.१ पर्यंत. भारी स्लायडर असलेल्या थीम इथेच अडकतात.

पैसे देऊन थीम घ्यायचीच असेल तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून किंवा अधिकृत बाजारातून घ्या. पावती आपल्या ईमेलवर आणि की आपल्या नावावर असली पाहिजे. साइट बनवून देणारा ‘माझ्या लायसन्सवर टाकतो’ म्हणाला, तर त्याचं वर्षाचं नूतनीकरण थांबलं की तुमचे अपडेटही थांबतात, हे आधी समजून घ्या. डोमेनचंही तसंच, ते स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेलं असू द्या.

फसवणूक झालीच असेल तर १९३० वर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक, विक्रेत्याशी झालेलं पूर्ण संभाषण आणि मूळ झिप जपून ठेवा. झिप पुन्हा उघडू नका, पण पुसूही नका. बनावट ओळख सांगून विकलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३१८ ही कलमं लागू होऊ शकतात. ४९९ रुपयांसाठी कोण तक्रार करणार, असं म्हणून बहुतेक जण गप्प बसतात आणि तोच विक्रेता पुढच्या ग्रुपमध्ये तीच फाइल विकतो. चोराचा टॅग मात्र हातात पुरावा म्हणून असतो. आपल्या लेखाचा पत्ता, लिंकवर आपण टाकलेला मूळ टॅग आणि क्लिकनंतर दिसलेला टॅग, तिन्हींचे तारखेसह स्क्रीनशॉट अफिलिएट कार्यक्रमाच्या मदत विभागाला पाठवा. कोणता टॅग कोणत्या खात्याचा आहे हे त्यांच्याकडे नोंदलेलं असतं.