मोडीची छत्तीस पानं: यवतमाळच्या गुरुजींकडचा अनुभव

आमच्या घरी पाटीलकीची कागदं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ट्रंकेत ठेवलेली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दर दसऱ्याला गाठोडं काढत, हळद-कुंकू वाहत आणि परत ठेवून देत. सगळं मोडीत, वाचता घरात कोणालाच येत नव्हतं. यंदा श्रावणात मी ते यवतमाळला मोडी वाचून देणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे नेलं. कोणाला अशी कागदं वाचून घ्यायची असतील तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावची मी सध्या पोलीस पाटील आहे. परीक्षा दिली, मुलाखत दिली, मग एसडीओंचा, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांचा, आदेश निघाला. १९६२च्या कायद्यानं मुलकी, म्हणजे महसूल पाहणाऱ्या, पाटलाचं पद गेलं आणि १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमानंतर पोलीस पाटीलही नेमणुकीनंच होतो, वारशानं नाही. तरी म्हातारी माणसं म्हणतात, "पाटीलकी वाड्यातच रायली." ते ऐकलं की मला लागतं. म्हणूनच या वाड्यातल्या पाटलानं काम काय केलं, ते मला त्याच्याच अक्षरात पाहायचं होतं.

गुरुजींनी व्हॉट्सअपवर पाठवलेले फोटो घेतले नाहीत. सावली पडली की मोडीचं अक्षर फसवतं, मूळ कागद आणा, म्हणाले. समोर बसवून त्यांनी मला दाखवलं: आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची, मग हात न उचलता अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. नावांमधला 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. तेवढ्यावर मला दोन नावं वाचता आली आणि अंगावर काटा आला.

दर पानाला दीडशे रुपये. दोन पानं वाळवीनं खाल्लेली, त्यांचे घेतले नाहीत. चौतीस पानांचे ५,१०० झाले. २०२४मध्ये आमचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं, नाहीतर हा खर्च मी काढला नसता. काम मात्र आठ दिवसांत देतो म्हणाले आणि एकोणीस लागले. मध्ये पोळा आला. दुपारी फोन उचलत नाहीत, त्यामुळे माझी एक खेप फुकट गेली.

आता कागदांबद्दल. मामाजींच्या आजोबांनी, म्हणजे तेव्हाच्या पाटलांनी, नाल्यात एकट्यानं दरोडेखोर धरला, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगतात. वाचता आलेल्या चौतीस पानांत ती कुठंच नाही. एका पानावर एक शब्द पुसट आहे. मामाजी म्हणाले, "तो दरोडाच असन, लिहा न गुरुजी." गुरुजींनी भिंग लावून दोनदा पाहिलं आणि जागा कोरीच ठेवली. 'द'च्या पुढचं अक्षर बसत नाही, मी घालणार नाही, एवढंच बोलले. मामाजी रुसले. माझा मात्र बाकीच्या तेहतीस पानांवर विश्वास बसला तो तिथं.

त्यातली बावीस पानं १९१८च्या मृत्यूंच्या कच्च्या याद्या आहेत. ते इन्फ्लुएंझाचं साल. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यानं माणसं झाडाच्या पानांसारखी गेली. ओळीमागून ओळ: नाव, वय, कारण ताप. ताप. ताप. आश्विनातल्या एका यादीत त्याच अक्षरात, त्याच शाईत लिहिलंय: बायको, पाटील मौजे मजकूर, ताप. म्हणजे याच गावच्या पाटलाची बायको. तिचं नाव लिहिलेलं नाही. खाली पुढच्या घरची नोंद चालू होते.

शेवटच्या दोन पानांत दंडाचा कागद आहे. याद्या वेळेत पोचल्या नाहीत म्हणून पाटलाला दोन रुपये दंड. त्याला दिलेल्या उत्तराचा मसुदाही आहे. मी तापात पडून होतो, कोतवालही पडलेला, ठाण्याला जायला गावात धड माणूस नव्हता, असा त्याचा आशय. दंड माफ झाला की नाही, ते कागदात नाही.

आजही गावात कोणी विहिरीत पडलं, फास घेतला, की रात्री-बेरात्री ठाण्यात पहिला फोन मला करावा लागतो. म्हणून ते उत्तर मी तीनदा वाचलं. मामाजींनी ऐकलं आणि विचारलं, "आजीचं नाव कोणालेच याद नाही काय?" आम्ही दोन तक्षिमांतल्या, म्हणजे घराण्याच्या दोन शाखांतल्या, म्हाताऱ्यांना विचारलं. नाही.

गुरुजी प्रत्येक ओळीखाली ओळ असं टाइप करून देतात, म्हणजे मूळ कागद शेजारी धरून ताडता येतं. कागद लॅमिनेट करू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं आणि सुती कापडात बांधून परत दिलं. जातपडताळणीसाठी हे लिप्यंतर चालणार नाही, हेही त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं. तुम्हाला त्यासाठीच हवं असेल तर तिथं जाऊ नका. घरातली माणसं शोधायची असतील तर सकाळी दहाच्या आत जा, मूळ कागद घेऊन, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत न्या. नावं वाचली जात असताना ते जवळ पाहिजे.