नागपूर ते लंडन: हवाई अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळाचा अनुभव

मुलीचे लंडनला शिकायला जायचे ठरले, तेव्हा आर्णी तालुक्यातील आमच्या घरी तिच्या आजीने पहिला प्रश्न विचारला तो अंतराचा. उत्तर शोधण्यासाठी दोन विमानतळांमधील अंतर व प्रवासाचा वेळ सांगणारे एक मोफत संकेतस्थळ मी वापरले.

अंतराच्या बाबतीत ते विश्वासार्ह वाटले. नागपूर ते लंडनचे हीथ्रो विमानतळ सुमारे ७,५०० किलोमीटर हा आकडा त्याने क्षणात दिला आणि नकाशावर उत्तरेकडे वाकलेली रेषाही काढून दाखवली. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर असा वक्र दिसतो, हे आजीला समजावण्यासाठी मला संत्रे आणि दोरा घ्यावा लागला. दोन्ही शहरांची चालू वेळ शेजारी-शेजारी दिसते, ही सोयही उत्तम आहे; कारण लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार, तर हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते आणि तिकिटावर उतरण्याची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते.

तक्रार आहे ती प्रवासाच्या वेळेबद्दल. ताशी ८०५ किलोमीटर वेग धरून आणि उड्डाण व उतरण्यासाठी अर्धा तास मिळवून संकेतस्थळ पावणेदहा तास सांगते. मात्र नागपूरहून लंडनला थेट विमानच नाही, याचा तिथे उल्लेखही नाही. मुंबईमार्गे गेल्यास अंतर चारशे किलोमीटरने वाढते आणि मुंबईहून पुढच्या विमानालाच दहा तासांच्या आसपास लागतात. शिवाय ती सुबक रेषा पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया आणि युक्रेनवरून जाते. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, त्यामुळे प्रत्यक्षातला मार्ग वळसा घालूनच जातो. पश्चिमेकडे जाताना समोरून येणारा वाराही वेळ खातो, म्हणून परतीचे उड्डाण सहसा लवकर पोहोचते. संकेतस्थळ मात्र जाण्यायेण्याला एकच वेळ दाखवते.

शोधताना थोडी सावधगिरी हवी. मराठीत 'नागपूर' लिहिल्यास काहीच सापडत नाही, आणि नुसते लंडन लिहिल्यावर माझ्यासमोर कॅनडातले लंडन आले होते. विमानतळाचे तीन अक्षरी चिन्ह, म्हणजे नागपूरसाठी एनएजी आणि हीथ्रोसाठी एलएचआर, टाकणे अधिक सुरक्षित.

अंतरासाठी पाचपैकी चार आणि वेळेसाठी दोन गुण मी देईन. यवतमाळ-वर्धामार्गे नागपूर गाठण्यापासून मुंबईतल्या सात तासांच्या थांब्यापर्यंत सगळे आम्ही कॅलेंडरच्या मागे मांडले, तेव्हा घराच्या उंबरठ्यापासून तिच्या वसतिगृहाच्या खोलीपर्यंत २८ तास भरले. आजीला आम्ही तोच आकडा सांगितला.