अँबॅसिडरच्या डेल्कोत पर्ट्रॉनिक्स इग्नायटर: ड्रॅगच्या गाडीसाठी घ्यावा का?

घ्यावा. पण दुकानदार ज्या कारणासाठी तो गळ्यात मारतो, त्या कारणासाठी नाही. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणारा भाग. त्यात पॉइंट असतात: कॉइलचा (बॅटरीच्या १२ व्होल्टांतून ठिणगीचा दाब बनवते ती) करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्या. त्या काढून बसवायचा इलेक्ट्रॉनिक किट म्हणजे इग्नायटर.

"काका, पॉइंट काढा, हे टाका, मग पिकअप बघा." नाना पेठेत पार्टच्या कुठल्याही दुकानात हे वाक्य फुकट मिळतं. पिकअप-बिकअप काही येत नाही. माझी गाडी अँबॅसिडर, इंजिन तेच १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंय, मागची सीट काढलीय, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, नाकासमोर पळायचं (ड्रॅग म्हणतात ते हेच), एवढंच तिला काम. कंपनीतून निघाली तेव्हा पन्नासच्या आसपास घोडे होते, आता थोडे जास्त असावेत. अशा गाडीत इग्नायटर बसवून घड्याळावर काहीही फरक पडला नाही. पडला तो असा, की टायमिंग एकदा लावलं ते जागचं हललं नाही आणि वरच्या आरपीएमचं मिसिंग गेलं. मला तेवढंच हवं होतं.

हिशेब बघा. चार सिलिंडरचं इंजिन ६००० आरपीएमला फिरतं तेव्हा सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. दोन ठिणग्यांमध्ये पाच मिलिसेकंद. लुकास २५डी डेल्कोचा ड्वेल ६० अंश, म्हणजे दर ९० अंशांपैकी ६० अंश पॉइंट मिटलेले. कॉइलला करंट भरून घ्यायला तीन-सव्वातीन मिलिसेकंद मिळतात. साधी तीन ओहमची कॉइल तेवढ्यात पुरती भरत नाही. इग्नायटरही कॉइल तशीच भरतो आणि तशीच तोडतो, फक्त टंगस्टनच्या टिकल्यांच्या जागी हॉल सेन्सर आणि ट्रान्झिस्टर आले. मग कॉइल तीच असेल तर ठिणगी जाडजूड होणार कुठून? पण किट बसवताना माणूस हौसेने प्लग, वायरी, कॅप सगळंच नवं घालतो आणि श्रेय किटला देतो.

पॉइंटचं दुखणं ताकदीचं नाहीच, झिजण्याचं आहे. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे सरकतं. स्प्रिंग नरम पडली की वर पॉइंट उसळायला लागतात. त्यात हल्ली नवे म्हणून मिळणारे कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू नये म्हणून जोडतात ते) इतके बेकार असतात, की आमचे मिस्त्री मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाऊन जुनेच शोधून आणतात. त्यांचा पॉइंटवर जीव आहे. "मालक, पॉइंट बिघडला तर दिसतो. तुमचा तो काळा डबा बिघडला तर काय, नारळ फोडायचा?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्याच कसोटीवर तीन पर्याय पाहिले.

पहिला एक स्वस्तातला किट, नाव घेत नाही. दिसायला इग्नायटरचा जुळा भाऊ. गार इंजिनवर झकास चालायचा. बॉनेटखाली तापला की गाडी चालता चालता बंद, आणि गार झाली की साळसूदपणे पुन्हा चालू. अशा वेळी गॅरेजवाला पेट्रोल पंप बदलतो, कार्बोरेटर उघडतो, आणि बिल वाढत जातं. मी तो किट काढून टेबलावर घेतला. बॅटरी, कॉइल, नीट अर्थ केलेला एक प्लग, आणि मॅग्नेटची रिंग हाताने फिरवायची. टक, टक, टक, निळी ठिणगी. मग बायकोचा हेअर ड्रायर त्या मॉड्यूलवर धरला आणि रिंग फिरवत राहिलो. ठिणगी आधी एखादी चुकली, मग दोन, मग काहीच नाही. ड्रायर बंद करून पंखा लावला तर आली की परत! भोसरीत आम्ही कंपनीत पार्ट तपासायला यापेक्षा महागडी ओव्हन वापरतो, पण निकाल हाच आला असता. कुठलाही किट गाडीत घालायच्या आधी ही परीक्षा घ्या. पर्ट्रॉनिक्सवाला ड्रायरखाली शेवटपर्यंत ठिणगी देत राहिला, आणि मी तो ठेवला त्याचं निम्मं कारण हेच.

दुसरा पर्याय एमएसडीचा ६एएल, डेल्कोबाहेर बसणारा लाल इग्निशन डबा. लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनला (ड्रॅग शर्यतींना) जाऊन आलेला प्रत्येक पोरगा त्या लाल डब्याच्या प्रेमात पडून येतो. मित्राचा डबा उसना आणून लावून पाहिला. वस्तू उत्तम आहे, वाद नाही. तो कॉइलमध्ये करंट साठवत बसत नाही. आपल्या कपॅसिटरमध्ये साडेचारशेच्या वर व्होल्ट भरतो आणि ते कॉइलवर एकदम सोडतो. म्हणून वरच्या आरपीएमलाही ठिणगी कमी पडत नाही. टर्बो असेल, नायट्रस असेल, मोठं व्ही८ असेल तर डोळे मिटून घ्या. पण ज्या गुणावर कंपनीचं नाव (मल्टिपल स्पार्क डिस्चार्ज) पडलं, ते एकामागून एक ठिणग्या मारणं, ते फक्त ३००० आरपीएमच्या खाली चालतं. ड्रॅगमध्ये मी क्लच सोडतो तोच त्याच्या वर. म्हणजे तो गुण मला ट्रॅफिकमध्ये उपयोगी, कर्वे रोडवर. आणि तो हजार आरपीएममागे अँपिअरभर करंट ओढतो. वजन आणि ओढ कमी करायला डायनॅमो-अल्टरनेटर काढून नुसत्या बॅटरीवर पळवणारे असतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्यातला मला खरोखर हवासा वाटलेला भाग म्हणजे रेव्ह लिमिटर, इंजिनला ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ न देणारा. पुशरॉडचं जुनं इंजिन चुकलेल्या गिअरमध्ये एकदा किंचाळलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टनची भेट व्हायला वेळ लागत नाही. पण त्या डब्याच्या पैशात इग्नायटरचे दोन किट येतात, म्हणून सध्या लिमिटर माझ्या उजव्या पायात आहे.

तिसरा पर्याय म्हणजे हाच पर्ट्रॉनिक्सचा इग्नायटर. बसवायला सोपा: पॉइंट-कंडेन्सर काढा, मॉड्यूल प्लेटवर, मॅग्नेटची रिंग कॅमवर, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. मात्र कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा रोधक) असेल तर लाल वायर त्याच्या अलीकडून, किल्लीच्या बाजूने घ्या, सेन्सरला पुरते १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. चार सिलिंडरला साध्या इग्नायटरसाठी कॉइलची प्रायमरी (प्लस-मायनसमधली गुंडाळी) तीन ओहमच्या खाली नको. मल्टिमीटरने मोजा, डब्यावरच्या छापील आकड्यावर विसंबू नका. तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी काढून कार्बनच्या घाला, नाहीतर सेन्सर बिथरतो. प्लग मी एनजीके बीपीआर६ईएस वापरतो, त्यातला आर म्हणजे रेझिस्टर. रोटर (कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) मात्र चांगला घ्या. रिव्हेट ठोकलेला स्वस्त रोटर आतल्या आत शाफ्टला शॉर्ट होतो, आणि मग डेल्कोत सोन्याचा किट असला तरी प्लगला करंट पोचत नाही.

या सगळ्याच्या आधी एक काम. कॅप काढा, रोटरचा शाफ्ट अंगठा आणि बोटात धरा आणि आडवा हलवून बघा. हलला तर बुश (शाफ्टला धरणारी बाही) गेलाय. आमचा हलत होता, डोळ्यांना दिसेल इतका. टायमिंग लाइट मारला तर पुलीवरची खूण एका जागी थांबतच नव्हती, तीन-चार अंशांत इकडून तिकडे. पॉइंटवर तर असा शाफ्ट गॅपच बदलत राहतो. हॉल सेन्सर थोडं खपवून घेतो, पण जादू करत नाही. मिस्त्रींनी लेथवर फॉस्फर ब्राँझचा बुश काढून ठोकला, तेव्हा कुठे खूण गप्प बसली. (हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, "येथे इंजिन रेस करू नये" या पाटीखाली. पाटी नवीन आहे.) माझं ठाम मत: बुश गेलेल्या डेल्कोत महागडं इग्निशन घालणं म्हणजे पैसे ओतणं. पैसे एकाच कामाला असतील तर आधी बुश करा आणि पॉइंटवर पळवा.

इग्नायटरची खोड एकच, आणि ती नेमकी ड्रॅगवाल्यालाच नडते. इंजिन बंद आणि किल्ली चालू राहिली की कॉइल तापते आणि मॉड्यूल जळू शकतं. रांगेत नंबर यायची वाट बघताना आपण इंजिन बंद करतो, पण पंखा आणि इलेक्ट्रिक पंप चालू राहावा म्हणून किल्ली तशीच ठेवतो. मी इग्निशनला डॅशबोर्डवर वेगळा टॉगल स्विच दिलाय, किल्लीशी संबंध नाही. इग्नायटर २ मध्ये करंट बघून ड्वेल आपोआप बदलतो आणि उलटी जोडणीही तो सोसतो. बजेट असेल तर तो घ्या.

आणि मिस्त्रींच्या आक्षेपाचं उत्तर डिकीत आहे. पॉइंट आणि कंडेन्सर लावून, गॅप सेट करून ठेवलेली एक जादा प्लेट, फडक्यात गुंडाळून. काळा डबा गेला तर रिंग उपसायची, प्लेट बदलायची, टायमिंग अंदाजे लावून पुढचा रन मारायचा. ही सोय आहे म्हणूनच मी या किटला भरवशाचा म्हणतो. डेल्कोच्या बाहेर काही बदललेलं नाही, त्यामुळे परतीची वाट उघडी. लाल डबा गेला तर निदान वायरिंग तरी उलगडायला लागतं.

मागवताना डेल्कोच्या अंगावरचा नंबर वाचा. २५डी आणि ४५डी यांचे किट वेगळे. गाडी फार जुनी असेल तर बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे तेही बघा. ब्रिटिश वळणाच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा, आणि त्यासाठीचा किट वेगळा येतो.