फायब्रोनेक्टिन चाचणी की गर्भाशयमुखाची सोनोग्राफी?

धारणीच्या आमच्या वहिनीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. अमरावतीला न्यायचं तर मेळघाटचा अख्खा घाट उतरायचा. अशा वेळी बाळंतपण लवकर होणार का, याचा अंदाज देणारी फायब्रोनेक्टिनची (गर्भाचं आवरण गर्भाशयाला चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनाची) चाचणी मला फार मोलाची वाटते. काडीवरच्या कापसानं योनीमार्गातला स्राव घ्यायचा. निगेटिव्ह आली, तर पुढच्या 7 दिवसांत बाळंतपण होण्याची शक्यता अगदी कमी. पॉझिटिव्हवर तेवढा भरवसा नको. रक्तस्राव किंवा आदल्या 24 तासांतला शरीरसंबंधही निकाल बिघडवतो.

योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी मात्र कळांची वाट पाहत नाही. 24 आठवड्यांपूर्वी गर्भाशयमुख 25 मिलिमीटरपेक्षा आखूड दिसलं, तर वेळेआधीचं बाळंतपण टाळायला प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देता येतं. त्याला मशीन हवं, सरावाचा हात हवा. पाचव्या महिन्यात वहिनीची सोनोग्राफी पोटावरूनच झाली. ही लांबी कोणी मोजलीच नाही, हे मला अजून सलतं.