आईच्या मेंदूतली गुठळी काढून सात महिने झाले, थ्रॉम्बेक्टॉमीचा आमचा अनुभव

फेब्रुवारीत आईला स्ट्रोक, म्हणजे अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मोबाईलवर शोधत होते की या प्रोसिजरनंतर माणूस घरी आल्यावर नक्की काय होतं, किती सुधारतो, किती दिवस लागतात. मला हवं तसं काही मिळालं नाही, म्हणून आता सात महिन्यांनी मीच लिहितेय. लांब होणार आहे, पण घरात कोणी साठीच्या पुढचं असेल तर वाचाच.

आई 66 वर्षांची, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेली, बीपीची गोळी सोडली तर काही त्रास नाही असं आम्ही समजत होतो. वर्षभर मधूनमधून छातीत धडधडतंय म्हणायची, आम्ही ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. त्या दिवशी सकाळी सव्वासहाला तिने बाबांना चहा दिला. पावणेसातला मी किचनमध्ये गेले तर ती ओट्याला टेकून उभी, उजव्या हातातून दुधाचं पातेलं निसटलेलं, दूध पार फ्रीजखाली गेलेलं आणि ती ते बघतसुद्धा नव्हती. आई काय झालं ग म्हटलं तर नुसतं ना ना ना. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात उचलला की धपकन खाली.

ही सव्वासहाची वेळ महत्त्वाची, कारण पुढच्या तीन तासांत मला निदान पाच जणांनी एकच प्रश्न विचारला, शेवटचं नॉर्मल कधी पाहिलं? घड्याळ तिथून मोजतात, तुम्हाला झटका दिसला तिथून नाही.

शेजारचे काका ॲस्पिरिन घेऊन धावत आले, जिभेखाली ठेवा म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता, पण मी नको म्हटलं आणि ते बरोबर होतं हे नंतर कळलं. गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झालाय हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर रक्त पातळ करणारी गोळी म्हणजे आणखी नुकसान. शिवाय गिळता येत नसेल तर गोळी, पाणी, साखर, काहीही श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आता चूक कुठे झाली ते सांगते. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, तर जवळचं म्हणून सिंहगड रोडवरच्याच एका हॉस्पिटलात नेलं. नाव लिहिणार नाही. सीटी झाला, रक्तस्राव नाही म्हणाले, आणि मग न्यूरोचे डॉक्टर दहाला येतात तोवर ॲडमिट करून ठेवू. दहाला! सलाईन लावून बीपी बघत बसले. भावाचा मित्र फिजिओथेरपिस्ट आहे, दादाने त्याला फोन लावला, तो जवळजवळ ओरडलाच की तिथे कॅथ लॅब (रक्तवाहिनीत नळी घालून प्रोसिजर करतात ती खोली) आहे का विचार, नसेल तर आत्ताच्या आत्ता हलवा. कॅथ लॅब नव्हती. तिथे आमची पंचावन्न मिनिटं गेली. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सरासरी 19 लाख पेशी मरतात हे मी नंतर वाचलं, आणि त्या पंचावन्न मिनिटांचा हिशोब माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या हॉस्पिटलला अँब्युलन्समधूनच फोन केलेला होता. स्वारगेटच्या अलीकडे सकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तरी साडेआठला पोचलो आणि स्ट्रेचर थेट सीटीच्या खोलीत गेलं, फॉर्म नंतर. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं, ते लगेच दिलं. पण डॉक्टर म्हणाले डावीकडची मुख्य वाहिनी मुळाशीच बंद आहे, एवढी मोठी गुठळी बऱ्याचदा नुसत्या इंजेक्शनने जात नाही, आत जाऊन काढावी लागेल. धोका पण सांगितला, वाहिनीला इजा होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, आणि वाहिनी उघडली तरी माणूस सुधारेलच असं नाही. बाबांचा हात इतका थरथरत होता की सही मी केली.

प्रोसिजर म्हणाल तर डोकं उघडत नाहीत, टाके नाहीत. जांघेतल्या धमनीत सुई घालून तिथून बारीक नळी छातीतून, मानेतून मेंदूपर्यंत नेतात, सगळं एक्स-रेच्या पडद्यावर बघत. काही ठिकाणी मनगटातूनही जातात. गुठळीच्या आरपार एक बारीक तारांची जाळी उघडतात, गुठळी तिच्यात अडकू देतात आणि मग जाळी ओढून घेतात, सोबत नळीतून सक्शन चालू. नातेवाईक सगळे मेंदूची अँजिओप्लास्टी म्हणत होते, पण आईच्या डोक्यात स्टेंट वगैरे काही ठेवलेलं नाही, जाळी गुठळीसकट बाहेर आली. पहिल्या वेळी अर्धी आली, दुसऱ्या वेळी उरलेली. नऊ पंचवीसला सुरू केलं, दहा वाजून पाच मिनिटांनी वाहिनी उघडली. डॉक्टरांनी पांढऱ्या गॉजवर ती गुठळी दाखवली, काळपट लाल, करंगळीच्या नखाएवढी लांब. एवढीशी गोष्ट. मी तिच्याकडे बघत राहिले, बाबांनी बघितलंच नाही.

ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित निघाले, एएफ म्हणतात त्याला. हृदयात गुठळी झाली आणि वर गेली. म्हणजे ती वर्षभराची धडधड. तेव्हाच एक साधा ईसीजी केला असता तर कदाचित सापडलं असतं.

ही ट्रीटमेंट काही प्रयोग नाहीये. 2015 मध्ये एकापाठोपाठ पाच मोठे अभ्यास आले आणि त्यानंतर ही सर्वमान्य झाली. त्या पाचही अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे पेशंट गुठळी काढलेल्यांत 46 टक्के होते आणि न काढलेल्यांत साधारण 26. म्हणजे जादूही नाही, काढूनही निम्म्याहून जास्त लोक दुसऱ्यावर अवलंबून राहिले किंवा वाचले नाहीत, हे पण डोळे उघडे ठेवून वाचा. आणि झोपेतच झटका आला, खूप वेळ गेला म्हणून घरीच ठेवू नका, 2018 पासून स्कॅनमध्ये वाचण्यासारखा भाग दिसला तर निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत करतात.

स्ट्रोकचा स्कोअर (जितका जास्त तितका झटका मोठा) आत जाताना 17 होता, दुसऱ्या दिवशी 6. उजवा हात दुपारीच हलला. पण बोलणं नाही. सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं होतं, ती सारखी उठायला बघायची आणि तिला कळेल असं समजावता येत नव्हतं, ते सगळ्यात वाईट. जांघेपासून मांडीपर्यंत जांभळं झालं होतं, ते दोन आठवड्यांत गेलं.

तिसऱ्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आल्या. आईला पाणी हा शब्द येत नव्हता, ग्लास दाखवला की डोळ्यांत पाणी यायचं. मग त्यांनी बे एके बे म्हणून सुरुवात करून दिली आणि आई न थांबता बे दाही वीसपर्यंत गेली. स्पष्ट. बाबा खोलीबाहेर जाऊन रडले. पाठ असलेलं वेगळ्या वाटेने येतं म्हणे, कारण लगेच बे पंचे किती विचारलं तर परत गप्प. पस्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेली बाई.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. पहिला महिना गॅसजवळ एकटं सोडायचं नाही, औषधं आम्ही द्यायची. हातासाठी रबराचा बॉल दिला होता, तो तिने दोन दिवसांत कंटाळून टाकला. मग फिजिओने विचारलं आजी घरी काय करायच्या, आणि मेथी निवडायला बसवलं. पहिल्या दिवशी एक जुडी दीड तास. देठ धरायचं अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने, पान खुडायचं. माझं म्हणणं, थेरपी पेशंटच्या रोजच्या कामातून द्या, फरक पडतो. चिडचिड मात्र भयंकर होती, एप्रिल-मेमध्ये ती कुणाशी बोलायचीच नाही, शेवटी डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली आणि महिन्याभरात माणूस परत आला. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि अर्धांगवायूचं औषध अमक्या गावाला मिळतं, तिकडे न्या, असं सांगणारे निदान आठ जण आले. नेलं नाही.

खर्च सव्वासहा लाखाच्या वर गेला, पॉलिसी पाच लाखांची. त्यातलेही पंचेचाळीस हजार कशाकशाच्या नावाने कापले, कंपनीशी अजून पत्रव्यवहार चालू आहे. पॉलिसीची रक्कम एकदा तपासून बघा.

सध्याची स्थिती अशी की चालते व्यवस्थित, बोलते, पण दमली की शब्द अडकतो, चमच्याला ते हे ते म्हणते. फोन नंबर लिहून घेता येत नाही. रक्त पातळ करायची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ, सुरू केली ती आठव्या दिवशी, परत सीटी करून, ती आता कायमची, एक डोसही चुकवायचा नाही, दात काढायचा असेल तरी आधी डॉक्टरांना विचारायचं. गणपतीत तिने उकडीचे मोदक करायचे म्हणून हट्ट धरला. दरवर्षी एकवीस करते, यंदा पाच केले, कळ्या जाड आणि एकीकडे झुकलेल्या, एक फाटला तो बोटाने लिंपून घेतला. तेच पाच नैवेद्याला ठेवले.

पुढची अपॉइंटमेंट ऑक्टोबरमध्ये आहे. ॲक्टिव्हा चालवू का हे तिला स्वतः डॉक्टरांना विचारायचंय, आणि तो प्रश्न ती सध्या रोज एकदा मोठ्याने म्हणून बघते.