काढणीआधी पाखरांपासून राखण: ओळीवरची जाळी, बाजूची जाळी की आवाज?

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे मणी पिकून मऊ होऊ लागले, की पाखरे बागेत उतरतात. तिथून काढणीपर्यंत कित्येक आठवडे घड राखावे लागतात. घरच्या माणसांवर चालणाऱ्या द्राक्षबागेत याच दिवसांत पाने विरळणे, वाढलेले शेंडे मारणे, शेवटची फवारणी आणि गोडी मोजणे ही कामेही उरकायची असतात. म्हणून पर्याय निवडताना पाखरे किती अडतात याबरोबरच त्या पर्यायामुळे बाकीची कोणती कामे अडतात, तेही पाहा. चुकीची निवड बहुतेकदा इथेच होते.

पाखराने अख्खा मणी गिळला तर नुकसान तेवढ्यावर थांबते. टोचून सोडलेला मणी जास्त महागात पडतो. त्यातून रस गळतो, रसावर यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू वाढतात, चिलटे ती लागण शेजारच्या मण्यांवर नेतात आणि घट्ट घडाला आतून व्हिनेगरसारखा वास यायला लागतो. गांधीलमाश्याही अशा फुटक्या मण्यांवर आधी तुटून पडतात. ही आंबट कूज नुसत्या बुरशीनाशकाने थांबत नाही, त्यामुळे साल फुटू न देणे हाच तिच्यावरचा पहिला इलाज.

आवाजाचा मार्ग सर्वांत स्वस्त वाटतो. गॅसवर चालणारी तोफ, पाखरांच्या भेदरलेल्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, चकाकणारी फीत, ससाण्याच्या आकाराचा पतंग, यांतले काहीही पहिले काही दिवस छान चालते. मग पाखरे सरावतात. तोफ एकाच जागी, ठरावीक अंतराने वाजत राहिली तर आणखी लवकर. जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, आवाजातले अंतर कमीजास्त ठेवावे आणि पाखरांना बागेची चटक लागण्याआधीच सुरुवात करावी. भेदरलेला आवाज त्याच जातीच्या पाखराचा नसेल तर त्याचा उपयोग फारसा होत नाही.

लहान बागेला आवाज कमी का पडतो, ते हिशेबात दिसते. झाडे, तारा आणि कुंपण जवळ असल्याने नुकसान कडेला जास्त होते. कडेची १० मीटरची पट्टी धरा. चौरस आकाराच्या १० हेक्टर बागेत ती सुमारे १२ टक्के क्षेत्र व्यापते, १ हेक्टरमध्ये ३६ टक्के आणि अर्ध्या हेक्टरमध्ये जवळपास ४९ टक्के. म्हणजे लहान बाग अर्धी कडेचीच असते. तिथे नुसत्या आवाजावर भिस्त ठेवू नये, हे आमचे स्पष्ट मत.

आता जाळी. ओळींतले अंतर २.५ मीटर असेल तर १ हेक्टरमध्ये ४,००० मीटर ओळ भरते. ओळीवरून दोन्ही बाजूंना खाली सोडायची जाळी ४ मीटर रुंद धरली तर १६,००० चौरस मीटर जाळी लागते. फक्त घडांच्या पट्ट्याला, १ मीटर उंचीची बाजूची जाळी दोन्ही बाजूंनी लावली तर ८,००० चौरस मीटर, म्हणजे निम्मीच. बाजूची जाळी वरच्या तारेला गुंडाळून कायम ठेवता येते आणि दोन माणसे ती सोडतात-उचलतात. ओळीवरची जाळी ओढायला तीन-चार जण हवेत. शिवाय नवे शेंडे आणि ताणे (वेलीचे आधाराला गुंडाळणारे तंतू) तिच्यात गुंततात, मग काढताना जाळी फाटते आणि काडीही मोडते. ती लावायचीच असेल तर आधी शेंडे मारा.

ओळीवरच्या जाळीची बाजू मात्र एका ठिकाणी भक्कम आहे. घड एका पट्ट्यात नसून वरखाली विखुरलेले असतील तर बाजूची जाळी अर्धे घड उघडेच टाकते. मांडवाच्या बागेत वरून आणि चारही बाजूंनी बंदिस्त करावे लागते, कारण पाखरे खालूनही शिरतात.

बहुतेक पाखरांना १५ ते २० मि.मी.चे छिद्र पुरते. गांधीलमाशी त्यातून सहज जाते. तिच्यासाठी छिद्र फारच बारीक लागते, आणि बारीक जाळीमुळे हवा कमी खेळते व फवारा अडतो. गांधीलमाश्यांचाच त्रास मोठा नसेल तर बारीक जाळीच्या मागे लागू नका.

क्रम चुकला तर कोणतीही जाळी त्रास देते. आधी घडांजवळची पाने विरळा, मग भुरीसाठीची (पांढऱ्या बुरशीच्या रोगासाठीची) शेवटची फवारणी काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, मोजून उरका, मग जाळी. वाइनच्या द्राक्षांवर गंधक उशिरा मारले तर आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. घडातल्या अळीसाठी बीटी (जिवाणूपासून केलेले कीटकनाशक) मारायचे झाल्यास बाजूची जाळी उचलून, अळी लहान असताना, संध्याकाळी मारा. उन्हात त्याचा असर लवकर जातो आणि अळीच्या पोटात गेल्याशिवाय ते काम करत नाही.

घड एका पट्ट्यात आणि हात कमी असतील तर बाजूची जाळी घ्या. पैसे एकदम नसतील तर पहिल्या वर्षी कडेच्या ओळी झाका आणि आतल्या भागात आवाज फिरता ठेवा. मात्र कडा बंद झाल्या की पाखरे आत सरकतात, म्हणून कडेचे २० आणि मधले २० घड आठवड्यातून दोनदा तपासून टोचलेले मणी मोजा.

जाळी ताणून, खालची कड क्लिपांनी मिटवून लावा. ढिली, जमिनीवर लोळणारी जाळी पाखरांना आणि सापांना अडकवते. रोज सकाळी एक फेरी मारून अडकलेला जीव कात्रीने जाळी कापून सोडवा आणि ते भोक लगेच शिवा. जाळी उचलायची ती फक्त त्या दिवशी तोडायच्या ओळींवरची. बाकीच्या ओळी त्यांची पाळी येईपर्यंत झाकलेल्याच ठेवा.